सावधगिरी की वर्णद्वेष? खारघरच्या एका ठरावाच्या निमित्ताने

खारघरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या इमारतीतल्या एका सभासदाने आपला फ्लॅट आफ्रिकेतून शिकायला आलेल्या दोन मुलांना भाड्याने द्यायचं ठरवलं. ते कळल्यावर कमिटीने ठराव मांडला की यापुढे आफ्रिकन नागरिकांना कोणीही फ्लॅट द्यायचा नाही. कारणं दोन दिली. नवी मुंबईत अमली पदार्थांच्या प्रकरणात नायजेरियन पकडल्याच्या बातम्या सतत येतात, आणि शेजारच्या इमारतीत अशा भाडेकरूंमुळे रात्री-अपरात्री त्रास झाला होता. सभेत एक तरुण सभासद म्हणाली, हा सरळसरळ वर्णद्वेष आहे. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आम्हाला कुणाचा द्वेष नाही, आम्ही फक्त अनुभवावरून शहाणे झालोय. सेक्रेटरी विचारतात, दोघांत बरोबर कोण? आणि एखाद्या गटाबद्दल अंदाज बांधणं हाच वर्णद्वेष मानायचा का?

मी ठाण्यात वकिली करते आणि गेली बरीच वर्षं माझं बहुतेक काम सहकारी गृहनिर्माण संस्थांचं आहे. भाडेकरू नाकारल्याची भांडणं घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत सगळीकडून येतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. तुमच्या सभेतली ती मुलगी बरोबर आहे, हा ठराव वर्णद्वेषाचाच आहे. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. गटाबद्दलचा प्रत्येक अंदाज वर्णद्वेष नसतो. आपण सगळेच दिवसभर असे अंदाज बांधतो, आणि त्यातले पुष्कळसे निरुपद्रवी किंवा उपयोगाचेही असतात. मला विचाराल तर बघायचं ते एवढंच, की अंदाजाचं पुढे काय केलं. अंदाजामुळे तुम्ही चार गोष्टी विचारल्या, कागद तपासले, आणि समाधान झाल्यावर अंदाज सोडून दिला, तर तो रास्त. अंदाजामुळे विचारायची गरजच संपली, समोरच्याने काहीही दाखवलं तरी उत्तर बदलणारच नाही अशी सोय झाली, तर तो पूर्वग्रह. आणि त्याचा आधार कातडीचा रंग, वंश किंवा जन्म असेल, तर त्याला वर्णद्वेषच म्हणायला हवं, मग तो कितीही सौम्य भाषेत मांडलेला असो.

रास्त अंदाज कसा असतो ते ठाणे जिल्ह्यातल्याच एका उदाहरणावरून सांगते. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं शहर. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक सिंधी समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतात. लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यातही तसंच आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, असण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं. त्यामुळे तिथली डॉक्टर सिंधी सुनेला पहिल्याच तपासणीत एचबीए-टू ही वाहक ओळखणारी रक्ततपासणी करून घ्यायला आवर्जून सांगत आली आहे. हा गटावरूनच बांधलेला अंदाज आहे. पण बघा, त्यातून पहिली गोष्ट काय निघते? एक तपासणी. रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला, 'पण तुम्ही सिंधीच ना' असं डॉक्टर नंतर म्हणत नाही. फायदा झाला तर त्या बाईचा आणि तिच्या बाळाचा. अंदाज चुकला तर नुकसान एका रक्ततपासणीचं. आणि आता तर, २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, सगळ्याच गरोदर बायकांची ही तपासणी करावी अशी शिफारस आहे. प्रत्येकाची तपासणी शक्य झाली तेव्हा जातीवरून निवड करण्याची गरज उरली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गटावरून केलेला अंदाज ही माहिती नसताना केलेली तात्पुरती सोय आहे. माहिती हाताशी आली की ती सोय सोडायची असते.

दुसरं उदाहरण थोडं अवघड आहे. रात्री साडेअकराला ठाणे स्टेशनवर कल्याणच्या गाडीची वाट बघणारी एकटी बाई. समोर आलेल्या जनरल डब्यात पाच-सहा अनोळखी पुरुष बसलेत. ती तिथे चढत नाही, पोलीस असलेल्या महिला डब्याकडे धावते. तिने पुरुषांबद्दल एक गट म्हणून अंदाज बांधला, आणि त्या डब्यातले सगळे कदाचित शिफ्ट संपवून घरी चाललेले सज्जन होते. तरी मी तिला दोष देणार नाही. तिच्याकडे पंधरा सेकंद आहेत, तपासायचं काही साधन नाही, चूक झाली तर किंमत तिचा जीव किंवा अब्रू, आणि तिच्या निर्णयाने त्या पुरुषांचं काहीच बिघडत नाही. त्यांची गाडी चुकत नाही, घर जात नाही. आता हीच बाई बाकी पुरुष चालतात पण दाढी-टोपीवाला दिसला की डबा बदलते असं असेल, तर मात्र तिने घरी शांतपणे बसून स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. त्या क्षणी नाही, पण नंतर नक्की.

आता तुमची कमिटी बघा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीप्रमाणे, भाडेकरू ठेवण्याच्या आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं असतं, म्हणजे वेळ आहे. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, करार, पोलिसांची नोंद असं सगळं मागता येतं, म्हणजे साधन आहे. अधिकार तुमच्या हातात आहे आणि किंमत मोजायची आहे ती समोरच्याने. परक्या देशात, कॉलेज सुरू झालेलं, सामान एखाद्या मित्राच्या खोलीवर, आणि डोक्यावर छप्पर नाही. स्टेशनवरच्या त्या बाईला जी सूट मिळते, तिच्यातलं एकही कारण तुमच्या बाजूला नाही. ज्याच्याकडे वेळ आणि कागद मागायचा अधिकार दोन्ही आहे, त्याने 'सुरक्षेसाठी अंदाजाने वागलो' म्हणणं मला पटत नाही.

बातम्यांचं काय, असं तुम्ही म्हणाल. बातम्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. नवी मुंबई पोलिसांच्या कारवाईत आफ्रिकन नागरिक पकडले गेले आहेत, व्हिसा संपूनही राहणारे सापडले आहेत. पण त्या बातमीवरून तुम्ही जो निष्कर्ष काढता त्यात हिशेबाची चूक आहे. पकडलेल्यांमध्ये आफ्रिकन किती, हा एक प्रश्न. आफ्रिकनांमध्ये पकडण्याजोगे किती, हा पूर्ण वेगळा प्रश्न. तुम्हाला भाडेकरू ठेवायचा आहे, तर तुमच्या कामाचा प्रश्न दुसरा आहे, आणि बातमी उत्तर देते पहिल्याचं. निव्वळ समजण्यासाठी आकडे धरा. समजा एका गटात हजारातले १० जण गैरधंद्यात आहेत आणि दुसऱ्यात हजारातले २. पहिला गट पाचपट 'धोक्याचा' झाला, मथळा तयार. तरीही पहिल्या गटातले हजारातले ९९० लोक पूर्ण निर्दोष आहेत, आणि दारात उभा राहिलेला मुलगा त्यांच्यातला असण्याची शक्यता ९९ टक्के आहे. पाचपट हा शब्द कानात राहतो, ९९ टक्के राहत नाही. शिवाय आपल्याकडचा मराठी किंवा पंजाबी आरोपी पकडला तर मथळ्यात त्याचा प्रांत येत नाही. नायजेरियनाचा येतो. मग लक्षात तोच राहतो.

हिशेबापेक्षाही मोठी गोष्ट, जी मी प्रत्यक्ष पाहिली आहे, ती वेगळीच आहे. एका भागातल्या बऱ्याच सोसायट्या जेव्हा असे ठराव करतात तेव्हा काय होतं? कागदपत्रं नीट असलेला, आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलेला विद्यार्थी पाच ठिकाणी नकार ऐकतो. सहाव्या ठिकाणी एक घरमालक भेटतो जो म्हणतो, देतो, पण भाडं दीडपट, करार नोंदवणार नाही, पोलिसांत कळवणार नाही, रोख द्यायचं. चांगला विद्यार्थी एक तर तिथे नाइलाजाने अडकतो किंवा शहर सोडतो. ज्याला नोंदच नको आहे तो मात्र आनंदाने दीडपट देतो. म्हणजे नोंद टाळणारा मालक आणि नोंद टाळणारा भाडेकरू यांची गाठ तुमचा ठरावच घालून देतो. मग दोन वर्षांनी त्या इमारतीवर धाड पडते, आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो. शेजारच्या इमारतीत त्रास झाला म्हणता ना, तिथला करार नोंदवलेला होता का, परदेशी नागरिकाची माहिती पोलिसांना दिली होती का, एवढं त्यांच्या सेक्रेटरींना विचारून बघा. अशा ज्या फाइली माझ्याकडे आल्या, त्यांत मूळ दोष बहुतेक वेळा भारतीय घरमालकाचा होता.

आणि 'अनुभव' म्हणजे नक्की काय, तेही तपासायला हवं. तुमच्या इमारतीत आजवर भाडं थकवणारे, लिफ्टमध्ये थुंकणारे, गच्चीवर दारू पिणारे, मेंटेनन्स बुडवून निघून गेलेले भाडेकरू झालेच असतील. त्यातला एखादा कोकणातला असेल, एखादा मराठवाड्यातला, एखादा आपल्याच नात्यातला. तेव्हा 'यापुढे कोकणातल्या माणसाला फ्लॅट नाही' असा ठराव आला का? नाही, तेव्हा त्या माणसाला नोटीस गेली. आपल्यातल्याने चूक केली की ती त्याची असते, आणि परक्याने केली की त्याच्या सगळ्या लोकांची होते. ही विषमता दिसली की 'अनुभव' या शब्दावर माझा विश्वास बसत नाही.

तुमच्या ठरावाचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात 'परदेशी नागरिक' असं नाही, 'आफ्रिकन नागरिक' असं आहे. काळजी जर व्हिसा आणि नोंदणीची असती तर ती प्रत्येक परदेशी माणसाबाबत असायला हवी होती. पण तळोजा एमआयडीसीतल्या कंपनीत आलेला जर्मन किंवा कोरियन इंजिनिअर तुमच्या इमारतीत राहायला आला तर कमिटी त्याच्यासाठी पुष्पगुच्छ घेऊन जाईल, हे तुम्हालाही माहीत आहे. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत. केनियाची नर्सिंगची विद्यार्थिनी, सुदानचा फार्मसीचा मुलगा आणि नायजेरियातल्या लागोसचा व्यापारी यांच्यात समान काय? फक्त दिसणं. आणखी एक विचार करा. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या बाजूला आणि गुजरातेत सिद्दी समाज आहे, मूळ आफ्रिकन वंशाचा, पण शेकडो वर्षांपासून भारतीय. त्यांच्यातले कित्येक घरात कोकणी बोलतात. जंजिऱ्याचे सिद्दी आणि खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा, नहरीचं पाणी आणणारा मलिक अंबर आपण शाळेत शिकलो. उद्या हल्याळचा एक सिद्दी मुलगा बेलापूरला नोकरीला लागला आणि आधार कार्ड घेऊन तुमच्या गेटवर आला, तर वॉचमन त्याला अडवणार की नाही? अडवणारच. ठराव पासपोर्ट बघून लागू होत नाही, चेहरा बघून लागू होतो. म्हणून मी त्याला वर्णद्वेषाचा म्हणते.

संयुक्त राष्ट्रांचा वांशिक भेदभावाविरुद्धचा करार १९६५ चा आहे आणि भारताने तो १९६८ मध्ये मान्य केला. त्यातली व्याख्या मला तुमच्या ज्येष्ठ सभासदांना वाचून दाखवावीशी वाटते. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवर आधारलेला असा फरक, ज्याचा उद्देश किंवा परिणाम समान हक्क हिरावण्याचा आहे. उद्देश किंवा परिणाम. मनात द्वेष नाही हे त्यांचं म्हणणं मी शंभर टक्के खरं मानते. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक कमिट्यांमध्ये द्वेषाने पेटलेलं कोणी नव्हतं. चांगली, घाबरलेली, फ्लॅटच्या भावाची काळजी करणारी माणसं होती. पण ज्याला घर मिळालं नाही त्याच्यासाठी तुमच्या मनातल्या भावनेने काय फरक पडतो?

'मला काही नाही हो, पण बाकीच्या सभासदांचं...' हे वाक्य प्रत्येक सभेत येतं. त्याचं वय आपल्याला वाटतं त्याहून जास्त आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर हातात काठ्या घेतलेल्या पारशी लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे राहिलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारायला लागेल असं सांगितलं. दोघांपैकी कोणीही बाबासाहेबांबद्दल वाईट शब्द काढला नाही. आणि बडोद्यासारख्या शहरात त्यांना रात्र काढायला जागा मिळाली नाही. इतरांचा पूर्वग्रह आपण पुढे पाठवला तर आपला हात स्वच्छ राहतो ही समजूत तेव्हाही चुकीची होती.

हे सगळं आपल्यावरही उलटू शकतं, उलटलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, 'महाराष्ट्रीयन लोकांना देत नाही' म्हणून. व्हिडिओ सगळीकडे फिरला, आपण सगळे चिडलो, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. नाकारणाऱ्यांकडेही 'अनुभव' असणारच. खाण्यापिण्यावरून, सणांवरून, युनियनवरून. त्या दिवशी आपल्याला तो अनुभव ऐकूनही घ्यायचा नव्हता, आणि ते योग्यच होतं. खारघरमध्ये मग तो ऐकून का घ्यायचा?

गटावरच्या अंदाजाला कायद्याचं रूप दिलं की तो किती पिढ्या पुरतो याचं सगळ्यात जवळचं उदाहरण पारध्यांचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. नाव नोंदवलेल्या माणसाने ठरावीक वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, काहींना कुटुंबासकट तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट सगळ्यांना ठाऊक आहे. काम मिळेना, कारण गाव सोडता येईना. चोरी कुठेही झाली की पोलीस आधी त्यांच्या पालावर. जास्त पकडले म्हणून नोंदी जास्त, नोंदी जास्त म्हणून संशय जास्त. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही जमातींची यादी रद्द झाली आणि ते विमुक्त झाले. त्यानंतर सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलीतून अशा जमातींना जन्माने गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी काढायला सांगावं लागलं. सत्तर वर्षांनंतर. आजही ठाण्यात सिग्नलवर गजरे विकणारी पारध्याची बाई सोसायटीच्या गेटजवळ थांबली तर वॉचमन तिला हटकतो, आणि कुरिअरच्या नावाने कोणीही आत जातो. तुमचा ठराव आणि तो कायदा एका मापाचे नाहीत हे मला कळतं, पण रचना तीच आहे: माणसाने काय केलं ते न बघता तो कुणाच्या पोटी आला ते बघायचं.

नोकरीच्या बाबतीत हे मोजूनही झालं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची संधी साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्जात दुसरं काहीही वेगळं नव्हतं. मुस्लिमबहुल मुंब्र्याच्या पत्त्यावर क्रेडिट कार्ड किंवा कर्ज मिळत नाही ही ठाण्यातली जुनी तक्रार याच प्रकारची. पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट समोर असताना पिनकोड बघून निर्णय होतो.

आता कायदा. खरं सांगायचं तर खासगी भाड्याच्या घरात भेदभाव होऊ नये म्हणून आपल्याकडे सरळ, सर्वसमावेशक कायदा नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पण बाकीच्यांसाठी वाट अरुंद आहे. कोणी तुम्हाला २००५ चा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवील, ज्यात सभासदत्व पारशांपुरतं ठेवणं मान्य झालं. तो निकाल मला वैयक्तिकरीत्या पटत नाही. पण तिथे मुळात नोंदणीकृत उपविधीतच तशी अट होती. तुमच्या उपविधीत तसं काही नाही, आणि सर्वसाधारण सभेचा ठराव उपविधींच्या वर जाऊ शकत नाही. तुम्ही २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले असतील तर फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, फक्त कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीसह आगाऊ कळवायचं. न लागणारी परवानगी तुम्ही नाकारू शकत नाही. सभासद सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे बेलापूरला गेला तर हा ठराव टिकणं कठीण आहे.

सभेत काय ठेवायचं, ते सांगते. ठराव मागे घ्या आणि त्याऐवजी सर्व भाडेकरूंना सारखा लागू होणारा नियम करा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहेच. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची पोच. फ्लॅटमध्ये किती जण राहणार त्यांची नावं. भाडेकरू परदेशी असेल, मग तो लंडनचा असो वा लागोसचा, तर पासपोर्ट आणि चालू व्हिसाची प्रत, आणि ज्याला अजूनही सगळे सी-फॉर्म म्हणतात ती, परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती घरमालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन भरल्याची पावती. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू आहे आणि त्यातही निवास देणाऱ्यावर ही जबाबदारी कायम आहे. व्हिसाची मुदत कधी संपते ती तारीख सोसायटीच्या रजिस्टरला लिहून ठेवा. आवाजाचा नियम रात्री १० ते सकाळी ६, सगळ्यांना, सेक्रेटरींच्या घरच्या वाढदिवसालाही.

हे कागद ज्याने आणले त्याच्याबद्दलचा तुमचा अंदाज तिथे संपला पाहिजे. त्या दोन मुलांना कमिटीपुढे 'इंटरव्ह्यू'ला बोलावू नका. एका कमिटीने अशाच एका मुलाला तू काय खातोस, तुझ्याकडे मुली येतील का, तुमच्याकडे लोक नोकरी का करत नाहीत, असं अर्धा तास विचारलं होतं. तो प्रत्येक वेळी 'सर' म्हणून उत्तर देत होता आणि हातातल्या प्लास्टिकच्या फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होता. ते कागद कोणी उघडूनही पाहिले नाहीत, आणि खरं तर त्यांच्यातच सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती.

बॅचलर, मांसाहारी, सिनेमावाले यांच्याबद्दलही लोक हेच विचारतात. कसोटी तीच: त्रास कोणता ते नेमकं लिहा आणि नियम त्रासावर करा.

शेवटी तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न उरतो, एखादा खरंच गुन्हेगार निघाला तर? निघू शकतो. कुठल्याही भाडेकरूबद्दल ती शक्यता शून्य नसते. संशयास्पद काही दिसलं, रात्री अनोळखी लोकांची सतत ये-जा, दारातच पाकिटांची देवाणघेवाण, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा न करता पोलिसांना कळवा. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकावर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २५ खाली कारवाई होऊ शकते, हे घरमालकाला आधीच लेखी कळवून ठेवा. गुन्हा सिद्ध झाला तर त्या फ्लॅटचा करार संपेल आणि त्या माणसाला शिक्षा होईल. दुसऱ्या विंगमधला आफ्रिकन विद्यार्थी भाडं वेळेवर भरत असेल आणि त्याचे कागद चालू असतील, तर त्याला नोटीस काढायचं काहीही कारण नाही. तशी मागणी सभेत आलीच, तर सेक्रेटरी म्हणून ती विषयपत्रिकेवर घेऊ नका.